पोत्यातला युरिया आणि पुस्तकातला ‘सेंद्रिय’ रेणू

(ओळख पटू नये म्हणून गाव, शाळा आणि माणसांचे काही तपशील बदलले आहेत.)

पार्श्वभूमी

तापी आणि पांझरा यांच्या मधल्या पट्ट्यातलं गाव. काळी जमीन. खरिपाला कपाशी आणि मका, पाणी असेल त्याच्याकडे पपई किंवा टरबूज, रब्बीला दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी. गावच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. वर्गातली बहुतेक मुलं शेतकऱ्यांची. घरी अहिराणी, दहावीपर्यंत मराठी माध्यम, आणि अकरावी विज्ञानाला आल्याबरोबर हातात इंग्रजी पुस्तक. त्यामुळे पहिले दोन-तीन महिने शिकवणं म्हणजे निम्मं भाषांतरच असतं. फळ्यावर इंग्रजी, तोंडाने मराठी, आणि मागच्या बाकांवर आपापसात अहिराणी.

जैवरेणूंच्या धड्यात चार मोठी कुटुंबं येतात: कर्बोदकं, प्रथिनं, मेद आणि न्यूक्लिक आम्लं. पुस्तक या सगळ्यांना ‘ऑरगॅनिक’ म्हणतं. मी त्याचं मराठी ‘सेंद्रिय’ असं करत आले. माझ्या पिढीने ‘सेंद्रिय रसायनशास्त्र’ असंच शिकलेलं, जिभेवर तोच शब्द बसलेला. मुलांनी मात्र दहावीत ‘कार्बनी संयुगे’ हा धडा शिकलेला असतो. म्हणजे त्यांच्याकडे चांगला, स्वच्छ शब्द आधीपासून होता आणि मी त्यांना माझा जुना शब्द देत होते. पुढचं सगळं घडेपर्यंत हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

दुसरी बाजू गावाची. काही शेतकऱ्यांनी परंपरागत कृषी विकास योजनेत गट केला होता. तीन वर्षं रासायनिक खत नाही, औषध नाही, सगळ्याची नोंद वहीत. शेवटी सेंद्रिय प्रमाणपत्र मिळेल आणि मालाला चार पैसे जास्त येतील, या आशेवर ती माणसं तग धरून होती. पहिल्या वर्षी उत्पन्न घटलं तेव्हा भावकीने हसून घेतलं होतं. या गावात ‘सेंद्रिय’ शब्दाला घाम चिकटलेला आहे. त्याचा विरुद्धार्थी शब्द ‘रासायनिक’, आणि ‘रासायनिक’ म्हटलं की डोळ्यांसमोर पहिलं येतं ते युरियाचं पोतं.

घडलं काय

जुलैमध्ये धडा चालू असताना मी सहज म्हणाले, ‘ग्लुकोज सेंद्रिय रेणू आहे, साखर आहे, उडदातलं प्रथिन आहे, युरियाही आहे. मीठ नाही.’ कोणी काही विचारलं नाही. मुलांनी वहीत लिहून घेतलं. नव्या वर्गाच्या गप्प बसण्याला मी समजूत धरलं, ही माझी जुनी खोड.

ऑगस्टच्या घटक चाचणीत प्रश्न टाकला: ‘खालीलपैकी सेंद्रिय रेणू ओळखा: ग्लुकोज, मीठ, युरिया, शेणखत, चुनखडी.’ अर्ध्याहून जास्त मुलांनी ग्लुकोज आणि शेणखत लिहिलं, युरिया सोडला. काहींनी युरियावर इतकी ठळक फुली मारली होती की कागद फाटायचा बाकी होता. मी सरळ गुण कापले.

दोन दिवसांनी मुख्याध्यापकांनी बोलावलं. एका पालकाचा फोन आला होता. ‘मॅडम, शाळेत युरिया सेंद्रिय आहे असं शिकवता म्हणे? गटाच्या ग्रुपवर फिरतंय ते. विषय वाढायला नको, बघा काय ते.’ सरांचा स्वर चिडका नव्हता, थकलेला होता. पोळा चार दिवसांवर आलेला, त्यात त्यांना हे.

दुसऱ्या दिवशी तो पालक स्वतः आला. सेंद्रिय गटातला सभासद, योजनेचं तिसरं वर्ष. मुलाची उत्तरपत्रिका घडी करून खिशात आणलेली. बसा म्हटलं तरी उभाच. ‘मॅडम, तुम्ही पोरेसले काय शिकाडी ऱ्हायनात? युरिया सेंद्रिय शे, ते मंग आम्ही तीन वरीस कसाले थांबनूत?’

मुलगा दाराबाहेर उभा होता, खाली बघत. त्या क्षणी त्याच्यासाठी प्रश्न रसायनशास्त्राचा राहिलाच नव्हता. बाप खरा की मॅडम, एवढाच उरला होता.

अडचण नेमकी कुठे होती

त्या रात्री उत्तरपत्रिका पुन्हा काढून बसले. मुलांची चूक शोधायला बसले होते, सापडल्या माझ्याच.

पहिली चूक प्रश्नातच. शेणखत हा रेणूच नाही. ते शेकडो संयुगांचं मिश्रण आहे: सेल्युलोज, लिग्निन, प्रथिनांचे अवशेष, क्षार, पाणी, शिवाय जिवंत-मेलेले जिवाणू. ‘रेणू ओळखा’ म्हणून त्या यादीत शेणखत घालणं म्हणजे ‘फळ ओळखा’ म्हणून यादीत फळबाग घालणं. मुलांनी ‘सेंद्रिय’ एवढाच शब्द वाचला, ‘रेणू’ वाचलाच नाही. आणि मी तो वाचायला कधी शिकवलं होतं?

दुसरी चूक शब्दाची. ‘सेंद्रिय’ म्हणजे स-इंद्रिय, इंद्रियं असलेल्या सजीवाशी संबंधित. इंग्रजी शब्दाची घडणही तशीच, ‘ऑर्गन’वरून. एके काळी रसायनशास्त्रज्ञांना खरोखर वाटायचं की हे पदार्थ फक्त सजीवांच्या शरीरातच, कुठल्याशा जीवशक्तीमुळे तयार होतात. १८२८ मध्ये फ्रेडरिक व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने अमोनियम सायनेटपासून प्रयोगशाळेत युरिया बनवला. आपल्या गुरूला, बर्झेलियसला, त्याने कळवलं की मूत्रपिंडाशिवाय युरिया तयार करता येतो, मग ते मूत्रपिंड माणसाचं असो की कुत्र्याचं. जीवशक्तीची कल्पना काही त्या एका पत्राने मेली नाही, पण तडा तिथे गेला. पुढे शब्द तसाच राहिला, अर्थ मात्र बदलला: कार्बनच्या सांगाड्यावर उभी असलेली संयुगं. म्हणजे ज्या युरियाने ‘सेंद्रिय’ शब्दाचा जुना अर्थ मोडला, त्याच युरियाला आमच्या गावात ‘सेंद्रिय’च्या विरुद्ध टोकाला उभं केलेलं. मला तर यात गंमतच वाटली. त्या पालकाला वाटली नसती.

शेतीतला ‘सेंद्रिय’ त्यानंतरचा आणि वेगळाच. तो रेणूबद्दल काही सांगत नाही. माल कसा पिकवला, शेतात काय वापरलं, काय टाळलं, यावर ते प्रमाणपत्र मिळतं. हिंदीवाल्यांची इथे सोय आहे. त्यांच्याकडे शेती ‘जैविक’ आणि रसायनशास्त्र ‘कार्बनिक’. मराठीत दोन्हीकडे ‘सेंद्रिय’, आणि ‘जैविक खत’ म्हटलं की पुन्हा तिसरंच, रायझोबियम-अॅझोटोबॅक्टर अशा जिवाणूंचं पाकीट.

तिसरी चूक माझ्या व्याख्येची होती आणि ती एका मुलीने पकडली. मी वहीत लिहून दिलं होतं, ‘ज्यात कार्बन-हायड्रोजन बंध असतो तो सेंद्रिय रेणू.’ तिने चाचणीत उत्तराशेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘युरियात कार्बन-हायड्रोजन बंध नाही.’ बरोबर होतं तिचं. युरियाच्या मधोमध कार्बन, एकीकडे दुहेरी बंधाने ऑक्सिजन, दोन्ही बाजूंना नायट्रोजन, आणि हायड्रोजन सगळे नायट्रोजनला धरून. माझ्या व्याख्येप्रमाणे युरिया बाहेर पडत होता आणि मी त्याला आत धरून गुण कापले होते. ती ओळ मी तपासताना वाचलीच नव्हती.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय सरांनी सुचवला: प्रश्न रद्द करा, सगळ्यांना गुण द्या, विषय मिटवा. गुण तर द्यायलाच हवे होते, कारण प्रश्नच सदोष होता. पण तेवढ्यावर थांबले असते तर गावात एवढंच पोचलं असतं की मॅडम चुकल्या, युरिया सेंद्रिय रेणू नाहीच. आणि ते खोटं.

दुसरा, पुस्तकावर बोट ठेवून ठाम राहायचं. शास्त्र बरोबर असल्याने हा मोह मोठा होता. शिक्षकांच्या खोलीत दोघांनी सांगितलंही, ‘पालक काय आपल्याला केमिस्ट्री शिकवणार?’ पण मग त्या मुलाने घरी जाऊन काय करायचं होतं? दोन पोरांनी मला नंतर सांगितलं की परीक्षेत लिहायचं एक आणि खरं मानायचं एक, असं ठरवून ते मोकळे झाले होते. याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते.

तिसरा, शब्दच बदलायचा. ‘सेंद्रिय’ टाकून ‘कार्बनी’ घ्यायचा. सोपा आणि बरोबर. मात्र शब्द बदलला की गोंधळ झाकला जातो, सुटत नाही. बाहेर दुकानात, बातमीत, बारावीच्या जुन्या मार्गदर्शकात मुलांना ‘सेंद्रिय’ भेटणारच.

चौथा, पालकालाच वर्गात बोलवायचं आणि पदार्थ समोर ठेवून बघायचं. यात धोका उघड होता. प्रयोग फसला तर गावभर. शिवाय बोलण्यात सेंद्रिय शेतीला कमी लेखल्याचा वास आला असता, तर त्या माणसाची तीन वर्षं मी चारचौघांत हलकी केल्यासारखं झालं असतं.

मी तिसरा आणि चौथा एकत्र घेतले, आणि पहिल्यातले गुण. क्रम मात्र नीट ठरवला नाही, त्याचं पुढे सांगते.

पालकाशी बोलणं

आधी त्याच्याशी एकटीने बोलले. सुरुवात माफीने केली: प्रश्न चुकीचा होता, मुलाला गुण मिळतील. तेव्हा कुठे तो बसला. मग विचारलं, ‘भाऊ, तुमची माती तपासलेली आहे ना? ती पत्रिका आहे का?’ मोबाइलमध्ये फोटो होता. मृदा आरोग्य पत्रिका, २०१५ पासून सुरू झालेल्या योजनेतली. त्यात एक रकाना ‘सेंद्रिय कर्ब’. त्याच्या शेतात तो अर्ध्या टक्क्याच्या आत होता आणि त्याला तो आकडा तोंडपाठ होता.

‘हा कर्ब म्हणजे काय?’

‘जमिनीचा जीव,’ तो म्हणाला. ‘शेणखत, पालापाचोळा, धैंचा गाडला की वाढतो.’

‘आणि युरिया टाकून?’

‘त्याने कशाला वाढेल?’

इथे मला वाट सापडली. ‘कर्ब’ हा शब्द त्याच्याकडे आधीपासून होता. कर्ब म्हणजेच कार्बन, आणि कर्बोदकातला ‘कर्ब’ही तोच. कडब्यात, शेणात, गुळात, डाळीत, तेलात सगळीकडे हाच कर्ब, वेगवेगळ्या मांडणीत. रसायनशास्त्राच्या पुस्तकातलं ‘सेंद्रिय’ म्हणजे ‘कर्बाचं’, एवढंच. युरियातही कर्ब आहे, वजनाने पाचवा हिस्सा. फक्त तो जमिनीत टिकत नाही. मातीतले जिवाणू युरिएज नावाचं विकर (एन्झाइम) सोडतात, त्याने युरिया फुटतो, अमोनिया वेगळा होतो आणि कर्ब कार्बन डायऑक्साइड बनून उडून जातो. म्हणून युरियाने सेंद्रिय कर्ब वाढत नाही, हे त्याचं म्हणणं शास्त्राने अगदी बरोबर.

मग मी जरा पुढची पायरी घेतली, शेण-गोमूत्र कालवून शेताला देतात त्या जीवामृताची. ‘जीवामृतात गोमूत्र किती घालता?’

‘दोनशे लिटर पाण्याला दहा लिटर. दहा किलो शेण, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, बांधावरची मूठभर माती.’

‘त्या गोमूत्रातला नत्र बराचसा युरियाच्याच रूपात असतो. पोत्यात जो रेणू, तोच.’

तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘रेणू एक असेल मॅडम. पण पोतं आणि गाय एक नाही.’

हे वाक्य मी पुढे वर्गात अनेकदा वापरलं, कारण सेंद्रिय शेतीचा नियम यात आलेला आहे. पोत्यातला युरिया कारखान्यात अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड यांच्यापासून बनतो, आणि तो अमोनिया बहुतेक नैसर्गिक वायूच्या जोरावर. प्रमाणपत्र देणारा रेणूची रचना तपासत नाही, तो वाट तपासतो. प्रमाणही बघा. पंचेचाळीस किलोच्या पोत्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे साधारण २०.७ किलो. दहा लिटर गोमूत्रात सढळ हाताने शेकडा एक नत्र धरला तरी शंभर ग्रॅम. पोतं दोनशे पटींनी जड. हा हिशेब आम्ही दोघांनी त्याच्या मुलाच्या वहीच्या मागच्या पानावर केला. मुलगा तोवर आत येऊन उभा होता.

एक गोष्ट सांगावी की नाही, यावर मी अडखळले होते. पिकाची मुळं नत्र घेतात तो मुख्यतः नायट्रेट आणि अमोनियमच्या रूपात, म्हणजे असेंद्रिय रूपात. शेणखत टाकलं तरी जिवाणूंनी ते कुजवून या रूपात आणल्यावरच त्यातला बहुतेक नत्र मुळाला मिळतो. आपण आणि गुरं तयार सेंद्रिय रेणू खाऊन जगतो. झाडाला अन्नद्रव्यं असेंद्रिय लागतात आणि सेंद्रिय रेणू ते स्वतः घडवतं. हे सांगितलं तर ‘मग युरियाच बरा’ असा अर्थ निघेल, ही धास्ती होती. शेवटी सांगितलं, पण कर्बाची बाजू जोडून: शेणखतातला कर्ब जिवाणूंचं खाणं आहे आणि ते पोत्यातून येत नाही. त्याने मान हलवली. पटलं म्हणून की कंटाळला म्हणून, ते सांगता येणार नाही.

वर्गातले प्रयोग

शनिवारी दोन तासिका जोडून घेतल्या. तो पालक आला, बरोबर गटातला आणखी एक जण आणि बाटलीभर गोमूत्र. मी जीवामृताचं साहित्यच टेबलावर मांडलं. जैवरेणूंचा धडा शिकवायला इतकं नेटकं साहित्य पुस्तकातही नाही.

गुळाच्या पाण्यात बेनेडिक्टचं द्रावण घालून उकळत्या पाण्यात धरलं: निळ्याचं हिरवं, पिवळं, मग विटकरी. शेजारी साखरेच्या पाण्याची नळी निळीच राहिली. साखरेत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज एकमेकांना अशा टोकांनी धरून असतात की क्षपण करणारं, म्हणजे बेनेडिक्टचा रंग बदलणारं टोक मोकळं राहत नाही. गुळात त्या दोघांचा काही भाग सुटा असतो. एका मुलाने लगेच विचारलं, ‘म्हणजे साखरेत साखर नाही?’ वर्ग हसला, पण शंका रास्त होती. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात साखर उकळून, खाण्याच्या सोड्याने आम्ल मारून पुन्हा चाचणी घेतली तेव्हा तीही विटकरी झाली.

मग प्रथिनाची चाचणी. बेसनाच्या गाळलेल्या पाण्यात कॉस्टिक सोडा आणि मोरचुदाचे (कॉपर सल्फेटचे) थेंब: जांभळा. बेसन न गाळता केलं की पिवळ्यात जांभळा मरतो आणि रंग मातकट दिसतो, हे आधी करून बघितल्यामुळे ठाऊक होतं. कळण्याचं पीठ एका मुलीने हौसेने आणलेलं, ज्वारी आणि सालीसकट उडीद. त्याच्या काळपट रंगात काहीच दिसेना. ती हिरमुसली. कळण्याची भाकरी प्रथिनांच्या दृष्टीने फार शहाणी आहे, ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी तर उडदात भरपूर, उडदात मेथिओनिन कमी तर ती कसर ज्वारी भरून काढते. पण परीक्षानळीत तिची साल आडवी येते. तिला उडदाची पांढरी डाळ भिजवून, वाटून, गाळून करायला लावलं. जमलं.

मग गोमूत्र आणि इथेच घसरले. सोयाबीनच्या पिठात युरिएज भरपूर असतं. युरियाच्या द्रावणात ते घातलं की पाच-दहा मिनिटांत अमोनिया सुटतो आणि लाल लिटमस निळा होतो. दुधातली युरियाची भेसळ घरच्या घरी बघायला सोयाबीन किंवा तुरीच्या पिठाची हीच युक्ती सांगतात. मी दोन नळ्या घेतल्या, एकीत युरियाचं द्रावण, दुसरीत गोमूत्र. दोन्हींत पीठ. दोन्हींत लिटमस निळा. ‘बघा, रेणू तोच!’ असं मी विजयाने म्हणाले.

तीच मुलगी, बारीक अक्षरातली, म्हणाली, ‘मॅडम, पीठ न घालता गोमूत्रात लिटमस बुडवला तर?’

बुडवला. निळाच. गाईचं मूत्र मुळातच थोडं अल्कधर्मी असतं, त्यात ते सकाळचं, बाटलीत तापलेलं. तुलनेची नळी मी ठेवलीच नव्हती. मुलांना वर्षभर ‘कंट्रोल ठेवा’ म्हणून ओरडणारी मी. पालक हसले, मीही हसले, दुसरं करणार काय. गटातला तो दुसरा गृहस्थ म्हणाला, ‘शिळं गोमूत्र उग्र येतंच. नाकालाच कळतं.’ तो उग्रपणा म्हणजे अमोनिया आणि त्यामागे शेणामातीतल्या जिवाणूंचं तेच युरिएज. त्याच्या नाकाने माझ्या लिटमसपेक्षा चांगलं उत्तर दिलं, पण पुरावा म्हणून वहीत काय लिहायचं? आम्ही लिहिलं: ‘या प्रयोगातून गोमूत्रात युरिया आहे हे सिद्ध झालं नाही.’

शेवटचा प्रयोग बाययुरेटचा. प्रयोगशाळेच्या बाटलीतला युरिया घेतला. मुलं पोत्यातला घेऊन आली होती, पण त्यावर कडुनिंबाच्या तेलाचं आवरण असतं, तो नको म्हटलं. युरिया साधारण १३३ अंशांना वितळतो. त्याच्या थोडं वर मंद आचेवर धरला की अमोनिया निघतो आणि दोन रेणू जुळून बाययुरेट तयार होतं. गार करून पाण्यात घोळवलं, कॉस्टिक सोडा, मोरचुदाचा थेंब: जांभळा! बेसनासारखाच. प्रथिनाच्या चाचणीला ‘बाययुरेट’ हे नाव कुठून आलं ते मला दाखवायचं होतं. त्या चाचणीत बाययुरेट घालतच नाहीत. प्रथिनातल्या पेप्टाइड बंधांची ठेवण बाययुरेटसारखी, म्हणून तांबं दोघांनाही सारखाच रंग देतं.

मुलांना मात्र वेगळंच दिसलं. ‘जांभळा म्हणजे प्रथिन’ हे त्यांनी पंधरा मिनिटांपूर्वी लिहिलं होतं. एकाने वहीत लिहिलं, ‘युरिया तापवला की प्रथिन तयार होतं.’ दुसरा म्हणाला, ‘म्हणूनच दुधात घालत असतील.’ तो निम्मा बरोबर होता आणि म्हणूनच घोळ वाढला. दुधात भेसळ करणारे युरिया घालतात, कारण जिथे नत्र मोजून प्रथिनाचा अंदाज करतात तिथे प्रथिन नसतानाही आकडा फुगतो. तिसऱ्याने गुरांची कुट्टी काढली: शंभर किलो कडब्याला चार किलो युरिया, पाण्यातून शिंपडून एकवीस दिवस झाकून ठेवायचा. तिथे गाईच्या पोटातले सूक्ष्मजीव त्या नत्रापासून खरोखर प्रथिन घडवतात. आपल्या पोटाला ते जमत नाही, आणि अंदाजाने युरिया टाकला तर जनावरही दगावतं, हे मी फळ्यावर लिहून दोनदा वाचून घेतलं. एवढ्यात तास संपला.

काय निष्पन्न झालं

सगळ्यांना त्या प्रश्नाचे गुण मिळाले. महिन्याभराने न सांगता पुन्हा छोटी चाचणी घेतली, या वेळी ‘कार्बनी रेणू ओळखा’ आणि खाली ‘कारण लिहा’. युरियाचं उत्तर बहुतेकांचं बरोबर आलं. कारणं पाहण्यासारखी होती. कोणी लिहिलं ‘व्होलरने बनवला म्हणून’, कोणी ‘गोमूत्रात असतो म्हणून’. शेवटचं कारण तर आम्ही सिद्ध न झालेलं म्हणून वहीत नोंदवलं होतं. रचना काढून ‘कार्बनचा सांगाडा’ असं लिहिणारी मुलं थोडीच.

‘जांभळा म्हणजे प्रथिन’ हा समज काढायला पुढे आणखी दोन तासिका गेल्या.

त्या पालकाचं प्रमाणपत्राचं काम रीतसर पुढे गेलं. गटाच्या ग्रुपवर त्याने काय लिहिलं ते मला माहीत नाही. मुलगा मात्र एकदा जाताजाता म्हणाला, ‘बाबा म्हणतात, मॅडमले इचार, कर्ब वाढायले आणखी काय टाकवा?’ मी त्याला कृषी सहायकांकडे पाठवलं. ते माझं क्षेत्र नाही.

सरांनी नंतर तो विषय काढला नाही. आमच्याकडे ही शाबासकीच.

आज पुन्हा करायचं झालं तर

‘कार्बनी’ शब्द पहिल्याच दिवशी घेईन आणि त्याच तासाला ‘सेंद्रिय’चे दोन्ही अर्थ फळ्यावर शेजारी शेजारी लिहीन. लपवायचं कशाला? मुलांच्या घरात तो शब्द राबतो.

कार्बन-हायड्रोजन बंधाची व्याख्या पुन्हा देणार नाही. कार्बनची संयुगं, त्यातून कार्बनची ऑक्साइडं, कार्बोनेटं, सायनाइडं अशी काही रिवाजाने वगळलेली, असं सांगेन. या कुंपणाची काठी थोडी इकडेतिकडे हलते हेही सांगेन. अकरावीची मुलं ते पचवतात. न पचण्याची भीती बहुधा शिक्षकांनाच असते.

पालकाशी आधी एकटीने बोलले, हा निर्णय बरोबर होता. त्याच आठवड्यात त्याला वर्गात आणून बसवण्याची घाई मात्र चुकली. प्रयोग आधी स्वतः, तुलनेच्या नळ्यांसकट, ताज्या गोमूत्रावर करून बघायला हवे होते. त्यानंतरही कदाचित गोमूत्राची नळी मी वगळली असती. लिटमसपेक्षा जास्त नेमकी चाचणी आमच्या प्रयोगशाळेत नाही.

आणि बाययुरेटचा प्रयोग बेसनाच्या दिवशी नाही. मध्ये किमान आठवडा. एकाच टेबलावर दोन जांभळ्या नळ्या ठेवून त्या वेगळ्या आहेत असं सोळा वर्षांच्या मुलांना तोंडी सांगणं, हे माझं मलाच आता नवल वाटतं.

प्रश्नपेढीतून शेणखत काढलं. त्याच्या जागी सेल्युलोज आहे.

यंदा जुलैमध्ये नव्या वर्गाला दोन्ही अर्थ फळ्यावर लिहून दिले. सगळं सुरळीत चाललं होतं. मागून एक मुलगा उभा राहिला. ‘मॅडम, मग आमच्या टरबुजाखाली जो मल्चिंग पेपर अंथरतात, प्लास्टिकचा, तो पण कार्बनी ना? मग तो सेंद्रियवाल्यांना चालतो का?’ पहिल्या निम्म्याचं उत्तर माझ्याकडे होतं. दुसऱ्या निम्म्यासाठी मी मागच्या वर्षीच्या त्या पालकाला फोन लावला.